वायरचा की बॅटरीचा? मुंबईच्या पावसातल्या बागेसाठी गवत कापायचा ट्रिमर निवडताना

जूनच्या पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवस गवत गोड दिसतं. तिसऱ्या आठवड्यात ते गुडघ्याला लागतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून विचारतात, "काय हो, साप-बिप निघेल, कधी कापताय?"

मुलुंड पूर्वेला आमचं तळमजल्याचं घर. मागे साधारण सहाशे चौरस फुटांची जागा. त्यात एक पेरू, एक चाफा, भिंतीकडेने कढीपत्ता, आणि उरलेल्या जागेत गवत. पूर्वी माळीदादा विळ्याने कापून द्यायचे. त्यांचे गुडघे थकले आणि काम माझ्याकडे आलं. पाच पावसाळे मी वायरचा ट्रिमर वापरला, मग बॅटरीचा घेतला. दोन्ही अजून घरात आहेत आणि दोन्ही चालतात. त्यामुळे "कुठला चांगला?" असं कोणी विचारलं की मीच उलट विचारते: तुमचा प्लग कुठे आहे, पावसात जमीन किती वेळ ओली राहते, आणि दिवाळीनंतर मशीन कुठे पडून राहणार?

तिसरा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो, पण मुंबईत तोच कळीचा. पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत सांताक्रूझला २,२०० मिलिमीटरहून जास्त पडतो. गवताचा सगळा जोर या चार महिन्यांत. दिवाळीनंतर माझी बाग महिन्यातून एकदा हात फिरवला तरी नीट राहते, आणि एप्रिल-मेमध्ये तर कापायला काही उरतच नाही. म्हणजे मशीन चार महिने राबतं आणि जवळजवळ आठ महिने झोपतं. वायरच्या मशीनला या झोपेने काही होत नाही, बॅटरीला होतं. उलट राबायच्या चार महिन्यांत जमीन ओली असते, आणि ओल्या जमिनीवर २३० व्होल्टची वायर ओढत फिरणं कोणालाच आवडत नाही. सगळा पेच एवढाच आहे.

दुकानात जाण्याआधी टेप घ्या

बाहेर जवळात जवळ असलेल्या प्लगपासून बागेच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा. सरळ रेषेत नाही, वायर जाईल तशी: दारातून, कुंड्यांना वळसा घालून, झाडाच्या पलीकडून. माझं घर आणि बाग यांच्यात भिंत तेवढी आहे, तरी हे अंतर २२ मीटर भरलं. त्यात तीन-चार मीटर सैल वायरीचे धरा. एकूण ३० मीटरच्या आत असेल तर वायरच्या ट्रिमरचा विचार करता येतो. त्याहून जास्त असेल, किंवा वायर जिन्यावरून, गेटमधून, गाड्यांच्या वाटेतून जाणार असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही, बॅटरीचा घ्या. सोसायटीच्या बागेत काम करायचं असेल तर आणखी एक भानगड: प्लग कॉमन मीटरवरचा असतो. वीज फार लागत नाही, ४५० वॉटचं मशीन अर्धा तास चालवलं तर पाव युनिटही जळत नाही. पण सर्वसाधारण सभेत त्या पाव युनिटावर पाऊण तास चर्चा होऊ शकते. आधीच लेखी विचारून ठेवा.

मग गवत बघा. मेक्सिकन लॉन किंवा हरळी असेल तर कुठलंही मशीन चालेल. लव्हाळा कापला जातो, पण जमिनीखाली त्याच्या गाठी असतात, त्यामुळे आठवड्याभरात तो पुन्हा हजर. तो खुरप्यानेच काढायचा. टाकळा आणि कुर्डू कोवळे असतील तर आधी भाजीला खुडून घ्या, निबर झाल्यावर त्यांचे दांडे ट्रिमरमध्ये गरगर फिरून गवत कापणाऱ्या बारीक नायलॉनच्या दोरीला आवरत नाहीत. आणि गाजर गवत असेल तर त्यावर मशीन मुळीच फिरवू नका. त्याचा चुरा अंगावर उडतो, अनेकांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो. पाऊस पडून गेल्यावर, फुलं यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं.

पेट्रोलच्या ब्रश कटरबद्दल एवढंच सांगते की तो सहा-आठ किलोंचा असतो, धूर काढतो, आणि सहाशे फुटांसाठी तो आणणं म्हणजे मुंगीला मारायला तोफ.

वायरचा घेणार असाल तर आधी घरातला बोर्ड उघडा

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण इथे चूक झाली तर दुरुस्ती नसते.

घरातल्या मेन बोर्डात एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारे खटके, असतात हे सगळ्यांना माहीत आहे. अनेकांना वाटतं, शॉक लागला तर एमसीबी पडेल. तसं होत नाही. एमसीबी वायरिंगला वाचवतो. वायरीतून प्रमाणाबाहेर करंट गेला किंवा शॉर्ट झालं तर तो पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्या मानाने इतका कमी असतो की एमसीबीला त्याची दखलही घ्यावीशी वाटत नाही, आणि माणसाला मारायला मात्र तेवढा पुरतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. जुने इलेक्ट्रिशियन त्याला ईएलसीबीच म्हणतात. तो सतत एकच गोष्ट बघत असतो: जेवढा करंट गेला तेवढाच परत आला का? मध्येच कुठे तो ओल्या जमिनीत किंवा तुमच्या पायातून उतरला, तर हिशोब जुळत नाही आणि तो सेकंदाच्या छोट्याशा अंशात वीज तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा लागतो. हा आकडा त्याच्या अंगावर छापलेला असतो, तो वाचा. १०० किंवा ३०० लिहिलं असेल तर तो माणसासाठी नाही.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडला पाहिजे. पडला नाही, किंवा बोर्डात आरसीसीबीच नाही (जुन्या इमारतींत हे सर्रास दिसतं), तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, ट्रिमर नंतर. तेवढा खर्च करायचा नसेल तर वायरच्या मशीनचा विषय इथेच संपला, असं मी स्पष्ट सांगते.

माझ्याकडे आरसीसीबी एकदाच कामाच्या वेळी पडला. ट्रिमरची शेपटी (त्याची स्वतःची छोटी वायर) आणि एक्स्टेन्शन यांचा जोड ओल्या गवतात पडला होता आणि माझं लक्ष नव्हतं. मशीन गप्प झालं. मी आधी मशीनलाच शिव्या घातल्या, मग जोड उचलला तर त्यातून पाणी ठिबकलं. त्या दिवसापासून जोड जमिनीवर ठेवत नाही. दोन्ही वायरींची सैलसर गाठ मारून तो खांद्यावरून मागे सोडते. काही मशीनांच्या मुठीजवळ वायर अडकवायला खाच असते, ती वापरा, म्हणजे ओढ बसली तरी प्लग सुटत नाही.

ट्रिमरच्या वायरीला अर्थिंगची पिन नसते, दोनच पिना असतात. घाबरू नका. त्याच्या अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण शोधा, म्हणजे आतल्या विजेच्या भागांना दुहेरी आवरण आहे. ही खूण नसेल आणि प्लग दोन पिनांचा असेल तर ते मशीन घेऊ नका.

आता एक्स्टेन्शन. लोहार चाळीत एका दुकानदाराने मला बजावलं होतं, "ताई, एवढी लांब वायर लावाल तर व्होल्टेज पडेल, मोटर जळेल." घरी येऊन हिशोब मांडला. ३० मीटर लांब, १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे विरोध साधारण ०.७ ओहम. ४५० वॉटचं मशीन दोन अँपिअर घेतं. म्हणजे व्होल्टेज पडतं दीड व्होल्टाच्या आत-बाहेर. २३० मधले दीड. एवढ्याने काही जळत नाही. जाड वायर घ्यायचीच, पण कारण वेगळं: बारीक वायरीचं बाहेरचं आवरणही पातळ असतं, आणि बागेत ती दगडावरून घासते, पायाखाली येते, आणि कधी ना कधी फिरत्या दोरीचा तडाखाही खाते. शिवाय एक्स्टेन्शन घरात आलं की त्याला उद्या कोणी तरी पाण्याचा पंप लावणारच. म्हणून तीन तारांची, वरून एकसंध गोल जाड आवरणाची, १.५ ची घ्या. रंग पिवळा किंवा नारिंगी. काळी आणि हिरवी वायर गवतात दिसत नाही.

बॅटरीवरचा कोणता आकडा खरा?

बॅटरीच्या मशीनांत फसवाफसवी आकड्यांत असते. खोक्यावर मोठ्या अक्षरात व्होल्ट छापलेले असतात. एकच बॅटरी एक कंपनी '१८ व्होल्ट' म्हणून विकते आणि दुसरी '२० व्होल्ट मॅक्स' म्हणून. आत दोन्हीकडे लिथियमचे पाच सेल एकापुढे एक. चालताना प्रत्येकी साधारण ३.६ व्होल्ट म्हणून १८, आणि नुकतं चार्ज झाल्यावर प्रत्येकी चारच्या जरा वर म्हणून २०. फरक शून्य. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या काही बॅटऱ्यांवर '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असं छापलेलं असतं. 'व्हीएफ' नावाचं बॅटरी मोजायचं एकक नाही. ते वाचलं की मी पान बंद करते.

बघायचं ते वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते ते. छापलेलं नसेल तर स्वतः काढा: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर. १८ आणि ४ म्हणजे ७२. गवत कापताना मशीन सरासरी २०० वॉट ओढतं असं धरलं, तर छोटी बॅटरी ११ मिनिटं चालेल आणि मोठी सुमारे २१ मिनिटं. ओल्या, दाट गवतात त्याहून कमी. आता तुमच्या बागेला किती वेळ लागतो? हे कळायला मशीन लागत नाही. हातात झाडू घ्या, ट्रिमर फिरवता तसा कडेकडेने सावकाश फिरवत सगळी बाग पालथी घाला आणि घड्याळ बघा. माझी २० मिनिटांत झाली. प्रत्यक्ष गवत कापताना, थांबत-पुसत, २५ लागतात. म्हणून मी ४ अँपिअर-अवरची एक आणि आधाराला २ ची एक घेतली.

चार्जरही बघा. २ अँपिअरचा चार्जर ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीला दोन तासांहून जास्त घेतो. पावसाळ्यात हे महत्त्वाचं, कारण दुपारी उघडीप मिळाली आणि बॅटरी अर्ध्यात संपली, तर चार्ज होईपर्यंत पुन्हा सर आलेली असते.

आणि इथेच बॅटरीचा खरा फायदा आहे. जुलैत उघडीप कधी तासाभराची, कधी तेवढीही नाही. वायरच्या मशीनला एक्स्टेन्शन काढा, उलगडा, जोड तपासा, काम झाल्यावर वायर पुसून गुंडाळा, यात पंधरा मिनिटं सहज जातात, आणि म्हणून आपण "आज नको, उद्या बघू" म्हणतो. उद्या गवत आणखी वाढतं. बॅटरीचं मशीन खुंटीवरून काढलं की सुरू. वायरचं होतं तेव्हा मी पंधरवड्याने कापायचे, आता आठवड्याने कापते, आणि आठवड्याचं गवत कोवळं असल्याने कमी ताकदीचं मशीनही पुरतं. लोक जास्त ताकदीचं मशीन शोधतात, पण बहुतेकांना हवं असतं ते हाताशी असलेलं मशीन.

घरात आधीच बॅटरीचा ड्रिल असेल तर त्याच कंपनीचा, त्याच बॅटरीवर चालणारा ट्रिमर बॅटरीशिवाय मिळतो का ते विचारा. संचाच्या किमतीतला मोठा वाटा बॅटरी आणि चार्जरचाच असतो. त्याच कारणाने, तीन-चार वर्षांनी नवी बॅटरी सुटी मिळेल का आणि आज तिची किंमत किती, हे विकत घेतानाच विचारा. उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर दुकान बदला.

दुकानात हातात धरून बघा

नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकानं ओळीने आहेत, तिथे मशीन हातात देतात. वायरचा ट्रिमर साधारण दीड ते अडीच किलो, बॅटरीचा बॅटरी लावून दोन ते चार. बॅटरी न लावता धरून बघण्यात अर्थ नाही, ती लावायलाच सांगा. पाच मिनिटं जमिनीलगत डावी-उजवीकडे हलवा. कंबर वाकवावी लागत असेल तर दांडा लांब होतो का बघा. माझी उंची पाच फूट एक इंच, माझ्या भाच्याची सहा फूट, आणि आम्ही दोघं एकच मशीन वापरतो ते केवळ दांडा कमी-जास्त होतो म्हणून.

नायलॉनची दोरी किती जाडीची लागते आणि ती सुटी मिळते का, हेही तिथेच पक्कं करा. घरगुती मशीनना साधारण १.२ ते १.६ मिलिमीटरची लागते. "जाड लावा, जास्त टिकते" हा सल्ला ऐकू नका, जाड दोरीने छोट्या मोटरवर भार येतो. काही स्वस्त मशीनांत दोरीऐवजी प्लॅस्टिकची पाती असतात. ती बदलायला सोपी, पण दगडाला लागली की तुटतात, म्हणून पाच-दहा जादाची घेऊन ठेवा.

मग शेवटी काय? प्लग २०-२५ मीटरच्या आत, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी चालू स्थितीत, जमीन उंचावर आणि पाणी लवकर निचरणारी, बजेट कमी: वायरचा घ्या, चांगला चालतो. जमीन सखल, सावलीची, दिवसभर ओली. किंवा काम करणारी व्यक्ती वयस्क, एकटी: बॅटरीचा. आमच्यासारखी मिठागराकडची सखल जागा असेल तर मी दुसऱ्यांदा विचारही करणार नाही.

कापताना

पाऊस पडत असताना कुठलंच मशीन नको, बॅटरीचंही नाही. पूर्ण ओलं गवत दोरी फिरवणाऱ्या हेडला गुंडाळतं आणि गठ्ठे पडतात. उघडीप मिळाली की गवताची पाती हाताला कोरडी लागेपर्यंत थांबा.

आधी काठी घेऊन पूर्ण बागेत फिरा, गवतावर आपटत. मुंबईच्या उपनगरांत धामण, नाग, घोणस सगळे निघतात. साप दिसला तर मशीन बाजूला, लांबून त्याच्यावर नजर, आणि वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन. बेडूक आणि सरडे काठीच्या आवाजाने हलतात. मोठ्या आफ्रिकन गोगलगायी हलत नाहीत, त्या आधी बादलीत गोळा करा. एकदा दोरीखाली एक आली होती, त्याचं वर्णन करत नाही. दगड, खिळे, फुटक्या कुंड्यांचे तुकडे वेचा. गमबूट, पूर्ण लांबीची पँट आणि डोळे सगळीकडून झाकणारा कामाचा गॉगल लागतोच. साधा चष्मा हा गॉगल नाही. उडालेला खडा गाडीची काच फोडू शकतो, म्हणून पार्किंगकडे तोंड करून कापू नका आणि मुलांना १५ मीटर लांब ठेवा. वेळ अशी निवडा की कोणाची दुपारची झोप मोडणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत दिवस सकाळी ६ ते रात्री १० असा असला, तरी शेजाऱ्यांचा दिवस वेगळा असतो.

दोरीचं फक्त टोक कापतं. मशीन गवतात खुपसलं की दोरी वळते, तुटते आणि मोटर कण्हते. डावीकडून उजवीकडे हलका झोका द्या. गवत उंच असेल तर एकदम मुळाशी जाऊ नका, आधी वरचं अर्धं, मग दुसऱ्या फेरीत खालचं. जमिनीपासून दोन-तीन इंच राहू द्या. माती दिसेपर्यंत तासलं की पुढच्या सरीत चिखल होतो आणि त्या उघड्या मातीत सगळ्यात आधी लव्हाळा येतो. वायर असेल तर प्लगजवळून सुरुवात करून लांब जात राहा, म्हणजे वायर नेहमी पाठीमागे आणि कापलेल्या भागावर राहते.

झाडांच्या बुंध्याशी मशीन नेऊ नका. नायलॉनची दोरी कोवळी साल सहज सोलते, आणि साल चहूबाजूंनी सोलली गेली की झाड हळूहळू वाळतं. माझा पेरूचा पहिला रोप असाच गेला. आता बुंध्याभोवती वीतभर जागेत वाळका पाला घालते आणि तिथलं गवत हाताने उपटते. एका कोपऱ्यातली हरळीही मशीनपासून वाचवून ठेवली आहे. भाद्रपदात काकू दुर्वांसाठी ताट घेऊन येतात, आणि ट्रिमरने चिंधड्या झालेल्या दुर्वांच्या एकवीस जुड्या बांधता येत नाहीत.

तुटलेल्या दोरीचे तुकडे दिसतील तेवढे उचला, ते मातीत कुजत नाहीत. कापलेलं गवत एकटंच ढिगात टाकलं तर कुजून वास मारतं, त्यात तेवढाच वाळका पाला मिसळा.

दिवाळीनंतर

वायरचं मशीन: हेड उघडून चिकटलेला गाळ खरवडा, वायर पूर्ण उलगडून कुठे चीर नाही ना ते बोटाने तपासा, पुसा, गुंडाळा, टांगा. चिकटपट्टी लावलेली वायर पुढच्या पावसाळ्यात वापरायची नाही, बदलायची. झालं.

बॅटरीचं इतकं सोपं नाही, आणि हे मी पैसे घालवून शिकले. पहिल्या वर्षी दिवाळीच्या आधी शेवटचं गवत कापलं, बॅटरी पार संपलेली होती, तशीच मशीनला लावून माळ्यावर टाकली. जूनमध्ये चार्जरला लावली तर लाल दिवा लुकलुकत राहिला. पूर्ण रिकामी लिथियम बॅटरी महिनोन् महिने पडून राहिली की तिचं व्होल्टेज इतकं उतरतं की चार्जर तिला स्वीकारतच नाही. पूर्ण भरून ठेवणंही बरं नाही, तशाने ती लवकर म्हातारी होते. बॅटरीवरच्या चार्ज दाखवणाऱ्या चार दिव्यांपैकी दोन लागतील इतकी, म्हणजे अर्धी भरलेली, मशीनमधून काढून, घरातल्या कपाटात ठेवा. माळा, बाल्कनीतली पेटी, गाडीची डिकी या जागा मे महिन्यात तापतात. बरोबर सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत तिच्या पितळी पट्ट्यांवर डाग धरतात. काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, अर्धा तास निवू द्यायची.

मेलेली बॅटरी ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकू नका, दाबली गेली की ती पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्यांवर आहे, तेव्हा नवी घेताना जुनी सोबत न्या आणि घेण्याचा आग्रह धरा.

माझ्या कॅलेंडरवर दोन खुणा असतात. एक जानेवारीच्या अखेरीस: दिवे मोजायचे, एकच लागला तर थोडं चार्ज करायचं. दुसरी २५ मेला: पूर्ण चार्ज करून मशीन पाच मिनिटं रिकामं फिरवायचं. तेव्हा काही बिघाड दिसला तर पाऊस यायच्या आत दुकान गाठायला पंधरा दिवस हातात असतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दुरुस्तीवाल्याकडे रांग लागलेली असते, आणि खिडकीत काकू उभ्या असतात.